काउंटरला माणूस टिकत नाही! कॅशियर घेताना नेमकं तपासायचं काय?

काळी_माती (जळगाव)

नमस्कार मंडळी. माझं नाव नको आणि बँकेचंही नको, आपल्याकडे जळगावात शिंकलं की भुसावळला रुमाल काढतात. एका नागरी सहकारी बँकेत भरती, बदल्या, रजा, पगारपत्रक असं सगळं माझ्या टेबलावर असतं. अडचण एकच, कॅश काउंटरला घेतलेली पोरं-पोरी टिकत नाहीत. दिवाळीआधी घ्यायचं, शिकवायचं, कापसाचे पैसे यायला लागले की रांग दारापर्यंत जाते आणि नेमका त्याच वेळी व्हॉट्सॲपवर मेसेज येतो, सर मी उद्यापासून येत नाही. मग पासबुकवाल्याला उचलून कॅशला बसवा, त्याचा हात बसलेला नाही म्हणून संध्याकाळी टॅली लागत नाही, सगळी शाखा त्याच्या नावाने बोटं मोडत थांबते आणि थोड्या दिवसांनी तोही जातो.

निवड कशी करतो तेही सांगतो. शंभर मार्कांची लेखी, त्यात गणित, बुद्धिमत्ता, इंग्रजी, कॉम्प्युटर. वरचे उमेदवार मुलाखतीला, तिथे संचालक मंडळातले तिघं आणि आमचे साहेब. कोण काय विचारेल याचा नेम नाही, एकाला देशाचा जीडीपी विचारतात, दुसऱ्याला तू कोणत्या गावच्या पाटलांचा. आणि लेखीत जो पहिला येतो तोच सगळ्यात आधी जातो, हे मी जुनी रजिस्टरं उघडून बघितलंय.

आता बोर्डाने सांगितलंय की पुढच्या भरतीआधी काहीतरी चाचणी बसवा. एक एजन्सी येऊन गेली, ऑनलाइन स्वभावचाचणी विकतात, माणशी पैसे आणि रंगीत रिपोर्ट. माझा काही त्यावर जीव बसेना. तुमच्यातले जे काउंटरला बसलेत किंवा बसून उठलेत त्यांनी सांगा, टिकणारा कॅशियर आधी ओळखता येतो का, आणि येत असेल तर कशावरून?


शेवभाजी_एक्सप्रेस (भुसावळ)

पगार वाढवा. धागा बंद करा.


काळी_माती (जळगाव)

भाऊ, पगार माझ्या हातात असता तर आधी माझाच वाढवला असता. पण त्याच पगारात, त्याच शाखेत एक मुलगी कित्येक वर्षं बसलीय आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर माणसं बदलताहेत. हे पगाराने कसं समजवणार?


रिटायर_हेडकॅशियर (अमळनेर)

मी राष्ट्रीयीकृत बँकेत बीएसआरबीची, म्हणजे तेव्हाच्या बँक भरती मंडळाची, परीक्षा देऊन लागलेला माणूस, पितळी टोकनच्या काळापासून कॅशला, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

नवीन पोरगं कॅशला बसलं की मी त्याचा वेग बघत नव्हतो. वेगाला आता मशीन आहे. मी बघायचो की समोरच्याने दिलेले पैसे ते कुठे ठेवतं. चांगला कॅशियर ग्राहकाची रक्कम मोजतो, स्लिपवरच्या डिनॉमिनेशनशी, म्हणजे कोणत्या नोटा किती याच्याशी, लावून बघतो, एंट्री होऊन शिक्का पडेपर्यंत ती गड्डी समोर वेगळी ठेवतो आणि मगच ड्रॉवरमध्ये टाकतो. कारण एकदा ती तुमच्या कॅशमध्ये मिसळली की 'साहेब मी पाचशेच्या पन्नास दिल्या होत्या' म्हणणाऱ्याला तुम्ही काय दाखवणार? काहींना हे दहादा सांगावं लागतं, काही जण पहिल्या दिवसापासून आपोआप करतात.

दुसरं म्हणजे व्यत्यय. मोजणी चालू असताना जाळीतून कोणीतरी विचारतोच, साहेब मॅनेजर आले का, केवायसीचा कागद इथेच द्यायचा का. त्या वेळी जो मान वर न करता 'एक मिनिट आबा' म्हणतो आणि मोजणी तुटलीच तर पहिल्यापासून सुरू करतो तो माझा माणूस. जो 'बहुतेक त्रेसष्ट झाल्या होत्या' म्हणून चौसष्टपासून पुढे जातो त्याला मी पासबुकलाही बसवणार नाही.

आणि तिसरं, संध्याकाळचा फरक. तिथे खरा माणूस कळतो. आम्हाला आमच्या हेडकॅशियरने शिकवलेलं, फरकाला नऊने भाग जातो का बघ, जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५,४०० चे ४,५०० झाले की ९०० चा फरक. बरोबर ४०० चा फरक असेल तर शंभरच्या जागी पाचशेची नोट गेली असेल. काहीच सापडत नसेल तर फरक अर्धा कर आणि त्या रकमेचं व्हाउचर शोध, जमेची एंट्री नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. ज्याला या शोधात मजा येते तो टिकतो बघा. ज्याला घाम फुटतो आणि खिशातून पैसे टाकून घरी पळावंसं वाटतं तो जातो, आणि त्याला मी नावं ठेवत नाही, ते काम सगळ्यांचं नाहीच.

तुमच्या शंभर मार्कांत यातलं काय तपासलं जातं? पोहता येतं का बघायला तापीवर निबंध लिहून घ्यायचा अशातला प्रकार झाला हा.


अभ्यासिका_देवपूर (धुळे)

अप्पा, एकदम बरोबर. मी एका पतसंस्थेत कॅशला आहे आणि आयबीपीएसची, म्हणजे सरकारी बँकांच्या भरती परीक्षेची, तयारी करतोय, म्हणजे काळी_माती सरांच्या भाषेत मी 'जाणारा'. म्हणून माझं पण ऐका.

तुमचा पहिला नंबर का जातो हे मला तर अगदी स्पष्ट दिसतंय सर. आयबीपीएसच्या क्लार्क पूर्वपरीक्षेत ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात, इंग्रजी ३०, गणित ३५, रीझनिंग ३५, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कापतात. तुम्ही पेपर काढता तो जवळपास त्याचीच झेरॉक्स. मग त्यात पहिला कोण येणार? जो दोन-तीन वर्षं त्याच परीक्षेसाठी अभ्यासिकेत बसलाय तोच येणार ना! म्हणजे तुम्ही बरोबर त्यालाच वेचून घेता ज्याचं तिकीट आधीच दुसरीकडचं काढलेलं आहे, आणि मग म्हणता पोरं टिकत नाहीत.

अजून एक गंमत सांगतो. त्या पेपरची सगळी कला प्रश्न सोडून देण्यात आहे. अवघड दिसला की पुढे जा, वेळ वाचव. वर्षभर तेच घोटवलंय मी. आणि काउंटरला रांगेतला म्हातारा सोडून पुढच्याला बोलवता येत नाही, त्याची सही जुळत नसली तरी त्याच्याशी बोलावंच लागतं.

आणि टिकण्याचं विचारताय तर हेही लिहा कुठेतरी, शॉर्ट आली की कॅशियरच्या खिशातून, जास्त आली की संस्थेच्या खात्यात. जेवायला उठायचं तर बदली माणूस नाही. हे सगळं भरतीच्या वेळी कोणी सांगत नाही, आम्हाला काउंटरला बसल्यावर कळतं.


गोलाणी_कट्टा (जळगाव)

आमच्या ओळखीच्या एका संस्थेत तर मुलाखतीला पत्रिका मागितली होती भो, रास जुळते का बघायला. मॅनेजरची आणि कॅशियरची. शप्पथ.


शेवभाजी_एक्सप्रेस (भुसावळ)

मग? जुळली का? कितवा महिना चालूय आता?


चाळीसगावची_पुण्यात

हसू नका, पत्रिकेइतकीच भरवशाची हस्ताक्षर-चाचणी मी पुण्यातल्या भल्या भल्या कंपन्यांत वापरताना पाहिलीय. मी एचआरमध्ये आहे, बँकेत नाही, पण भरतीच्या चाचण्या हा माझा रोजचा विषय, म्हणून थोडं सांगते.

उमेदवाराला निवडताना आपण जे बघतो आणि तो पुढे कामात कसा निघतो, यांचा संबंध किती हे संशोधकांनी शेकडो अभ्यास एकत्र करून काढलंय. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पक्का. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी काढलेले आकडे खूप वर्षं सगळीकडे चालले, मग २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी तेच गणित पुन्हा तपासलं आणि बरेचसे आकडे खाली आले. आता सगळ्यात वर आहे ठरवून घेतलेली मुलाखत, म्हणजे प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तराला मार्क कसे द्यायचे ते आधी लिहून ठेवलेलं. ती ०.४२ ला आहे. कामाचाच नमुना करून घेणं ०.३३, बुद्धिमत्ता चाचणी ०.३१. आणि 'किती वर्षांचा अनुभव' हे ज्याला आपण जाहिरातीत सगळ्यात वर लिहितो ते फक्त ०.०७! म्हणजे दुसऱ्या पतसंस्थेत तीन वर्षं काढली म्हणून कोणाला डोळे झाकून घेण्यात काही अर्थ नाही.

सर, तुमची मुलाखत म्हणजे जीडीपी आणि पाटील. ती बदला, फुकटात होणारी सुधारणा आहे. एजन्सीला पैसे द्यायच्या आधी हे करा.

आणि अमळनेरचे अप्पा जे सांगताहेत त्यालाच आमच्याकडे कामाचा नमुना म्हणतात. फक्त अप्पा ते माणूस लागल्यावर बघायचे, तुम्ही लागायच्या आधी बघायचं.


रिटायर_हेडकॅशियर (अमळनेर)

ताई, आकडे छान पण तीस वर्षं माणसं बघितल्यावर डोळ्याला कळतं हो. मुलाखतीत आला, बसला, की मला अंदाज येतो.


चाळीसगावची_पुण्यात

अप्पा, राग मानू नका पण यावरच एक अभ्यास आहे. हॉफमन, काह्न आणि ली, २०१८. पंधरा कंपन्या, साध्या सेवेच्या नोकऱ्या जिथे माणूस पटपट सोडून जातो. तिथे भरतीआधी ऑनलाइन चाचणी सुरू केली तर घेतलेली माणसं साधारण १५ टक्के जास्त काळ टिकली. पुढचं जास्त महत्त्वाचं आहे, जे मॅनेजर चाचणीचा निकाल बाजूला ठेवून 'मला हा वाटतो' म्हणून माणसं घ्यायचे त्यांची माणसं कमी टिकली. त्या आधी २००८ मध्ये ऑटर आणि स्कारबरो यांनी दुकानांच्या साखळीत बघितलं होतं, तिथेही चाचणीने टिकण्याचा काळ दहाएक टक्क्यांनी वाढला. आपल्या बँकेला तेच आकडे लागू होतील असं मी म्हणत नाही, पण दिशा कळते. तुमचा डोळा चाचणी तयार करायला वापरा, चाचणी झाल्यावर निकाल फिरवायला नको.


रिटायर_हेडकॅशियर (अमळनेर)

बरं. अर्धं पटलं.


सातपुडा_ताई (शहादा)

एवढा वेळ वाचत होते, आता लिहितेच. मी काउंटरला आहे, ग्रामीण शाखा, बँकेचं नाव नको.

तुम्ही सगळे नोटा मोजण्यावर बोलताय. माझ्या काउंटरला नोटा मोजायला कमी आणि बोलायला जास्त वेळ जातो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण सुरू झाली तेव्हापासून तर विचारूच नका, पैसे आले का, का नाही आले, शेजारणीचे आले मग माझे का नाही, आधार कोणत्या खात्याला जोडलंय. ते खातं दुसऱ्याच बँकेत निघतं आणि ते त्या बाईला समजावून सांगायचं असतं, रांगेतल्या पन्नास बायकांसमोर, तिला कमीपणा न वाटता. बाजाराच्या दिवशी धडगावकडून पावरी बोलणारी माणसं उतरतात, शिंदखेड्याकडचा आला की 'भाऊ, मना खातामां पैसा उनात का?' हे ऐकून पटकन उत्तर देता आलं पाहिजे. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत स्थानिक भाषेची चाचणी असते ती पुस्तकी मराठीची. मराठीत पैकीच्या पैकी घेतलेला मुलगा इथे येऊन काचेमागे गप्प बसतो आणि लोक समजतात साहेबाला गर्व आहे.

आमच्याकडे जे टिकले ते सगळे आसपासच्या गावांतले. त्यांना इथून जायचं नाहीये, शेती आहे, म्हातारे आईवडील आहेत. जे पॅसेंजर पकडून रोज ये-जा करत होते ते गेले. आता ताई सांगतील हे कोणत्या आकड्यात बसतं.

आणि मुलाखतीचं म्हणाल तर मला विचारलेलं, लग्न कधी करणार, झालं तर नवरा बदलीला तयार आहे का. माझ्या आधीच्या मुलाला विचारलं का? नाही. स्टेट बँकेने गर्भवती उमेदवारांना तीन महिन्यांच्या वर असेल तर तात्पुरतं अपात्र धरायचा नियम काढला होता तो २०२२ च्या जानेवारीत ओरड झाल्यावर मागे घ्यावा लागला, एवढ्या मोठ्या बँकेला. तुमच्या चाचणीत टिकेल का याचा अर्थ 'मुलगी आहे, जाईल' असा होणार नाही याची काळजी घ्या सर. तुमच्याच शाखेत जी टिकलीय ती मुलगीच आहे ना?


काळी_माती (जळगाव)

हो ताई, मुलगीच आहे. मुद्दा पोचला, लग्नाचा प्रश्न मुलाखतीतून काढतो, लेखी नियमच करतो.

अंतराचं मात्र मला पटतंय. फॉर्ममध्येच घर ते शाखा किती किलोमीटर असा रकाना टाकावा का? तीस किलोमीटरच्या वरचा फॉर्म बाजूला.


सातपुडा_ताई (शहादा)

अहो असं सरळ कापू नका. पाड्यावरची मुलं शाखेपासून लांबच असतात, त्यांना तर तुम्ही दारातच अडवाल. विचारा, की राहायला येणार का, येण्याजाण्याची सोय काय. आणि ज्याला जिथे जवळ पडेल ती शाखा द्या की, ते तर तुमच्याच हातात आहे. चोपड्याच्या पोराला पाचोऱ्याला टाकायचं आणि मग टिकत नाही म्हणायचं.


चाळीसगावची_पुण्यात

ताईंना माझा पूर्ण पाठिंबा. अंतर हा टिकण्याशी जोडलेला जुना घटक आहे, अर्जातल्या अशा माहितीला मार्क देण्याची पद्धतही आहे, पण त्यातून कोण बाहेर पडतोय ते बघावं लागतं.


कॅबिन_नंबर_दोन (दोंडाईचा)

खाजगी बँकेत होतो, आता नाही. सहकारी बँकवाले उगाच स्वतःला दोष देताय, आमच्याकडे काय वेगळं होतं? रिझर्व्ह बँकेच्याच २०२३-२४ च्या ट्रेंड अँड प्रोग्रेस अहवालात लिहिलंय की खाजगी आणि स्मॉल फायनान्स बँकांत माणसं सोडून जायचं प्रमाण तीन वर्षांत खूप वाढलं, सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास. चारातला एक. रिझर्व्ह बँकेने त्याला कामकाजाची जोखीम म्हटलंय आणि उपाय काय सांगितले, तर रुजू करून घेण्याची नीट पद्धत, ट्रेनिंग, मार्गदर्शन, सोयी, कामाचं वातावरण. म्हणजे माणूस आत आल्यावरच्या गोष्टी, चाचणीचं नाव नाही त्यात.

मला काउंटरचं काम आवडायचं हो. खरंच. पण पैसे भरायला आलेल्या केळीवाल्या शेतकऱ्याला पॉलिसी विकायची हे टार्गेट असायचं, सकाळी मीटिंगमध्ये आकडा विचारायचे, आणि तो माणूस मला नावाने ओळखायचा, त्याच्या डोळ्यात बघून ते होईना. मला कुठलीही चाचणी दिली असती तरी मी पहिल्या नंबरने पास झालो असतो आणि तरी सोडलं असतं.


शेवभाजी_एक्सप्रेस (भुसावळ)

मी पहिल्याच प्रतिक्रियेत संपवला होता धागा पण कोणी ऐकेना.


काळी_माती (जळगाव)

कॅबिनभाऊ, आमच्याकडे पॉलिसीचं टार्गेट नाही, ठेवींचं असतं, पण ते मॅनेजरला. कॅशियरला नाही. निदान कागदावर तरी.

दोन शंका आहेत. एक, सिबिल. मोठ्या बँकांच्या जाहिरातीत उमेदवाराची क्रेडिट हिस्टरी चांगली असावी अशी अट असते, आमचे एक संचालक म्हणतात आपणही लावा, ज्याचं स्वतःचं कर्ज थकलंय त्याच्या हातात कॅश कशी द्यायची. दोन, बाँड. दोन वर्षांच्या आत सोडलं तर पैसे भरायचे. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये विजया बँकेच्या केसमध्ये तीन वर्षं आणि दोन लाखांचा बाँड चालेल म्हटलंय ना?


अभ्यासिका_देवपूर (धुळे)

सर ती केस अधिकाऱ्याची होती, चांगल्या पगाराच्या माणसाची, राष्ट्रीयीकृत बँकेतली. तुमच्या कॅशियरला दोन लाख म्हणजे किती महिन्यांचा पगार होतो जरा मांडून बघा. बाँड लावला की अर्ज करणारे कमी होतील, येतील ते ज्यांना दुसरं काहीच मिळत नाही असे, आणि ज्याला जायचंय पण जाता येत नाही असा माणूस कॅशवर बसवणं तुम्हाला चालेल?

सिबिलचं म्हणाल तर आमच्या गावात अर्ध्या पोरांच्या नावावर बापाने पीककर्जाला सह्या घेतल्यात. कापसाला भाव नाही मिळाला, कर्ज थकलं, आणि पोरगा बिचारा ग्रॅज्युएट होऊन बसलाय. तो चोर आहे का?


चाळीसगावची_पुण्यात

सिबिल बघितला तर सरसकट नाकारायला वापरू नका, थकबाकी दिसली तर विचारा काय झालं आणि कागद बघा. पोलीस पडताळणी मात्र सगळ्यांची करा, आणि दोन्हींसाठी उमेदवाराची लेखी संमती घ्या. माहिती कशासाठी घेताय ते सांगावं लागतं.

स्वभावचाचणीबद्दल राहिलंच. 'मी नेहमी वेळेवर येतो' याला कोण 'नाही' म्हणणार? व्यवस्थितपणा, चिकाटी हे गुण कॅशच्या कामाशी जुळतात हे खरं, पण नोकरी पाहिजे असलेला माणूस उत्तरं सजवून देतोच. एजन्सीला एकच विचारा, तुमच्या चाचणीत चांगले मार्क मिळालेले काउंटरवाले इतरांपेक्षा जास्त टिकले याचा पुरावा दाखवा, रिपोर्टचे रंग नकोत.


रिटायर_हेडकॅशियर (अमळनेर)

मी काल रात्री बसून एक पेपर केला, माझ्या नातीने टाइप करून दिला. बघा पटतो का.

उमेदवाराला पंधरा पे-इन स्लिपा, म्हणजे पैसे भरायच्या स्लिपा, द्यायच्या. त्यातली एक अशी, पाचशेच्या ३७, दोनशेच्या १४, शंभरच्या ६२, पन्नासच्या ९. खाली बेरीज लिहिलेली २९,७५०. खरी बेरीज २७,९५०, फरक १,८००, नऊने भाग जातो, आकडे उलटे. दुसऱ्या एका स्लिपेवर अक्षरी रक्कम वेगळी आणि आकड्यात वेगळी. एकीवर पॅन लागेल एवढी रोख आहे आणि पॅनचा रकाना कोरा. एकीवर सहीच नाही. बाकीच्या सगळ्या बरोबर. किती चुका आहेत ते सांगायचं नाही, कारण काउंटरला कोणी सांगत नाही. वेळ भरपूर द्यायचा पण मधेच शिपायाला पाठवून विचारायचं, साहेबांनी तुमचा आधार नंबर मागितलाय. मग परत येऊन कुठून सुरू करतो ते बघायचं.

जो बरोबर स्लिपेलाही चूक म्हणतो त्याचे मार्क कापायचे, हे विसरू नका. सगळ्यावर शंका घेणारा कॅशियर रांग वाढवतो.

आणि तोंडी प्रश्न सगळ्यांना तेच. एक मी देतो. ओळखीचा व्यापारी, गल्ला भरायला आलाय, त्यात पाचशेची एक नोट बनावट निघाली, तो म्हणतो भाऊ परत दे, मी बघतो कुठून आली ती, रांगेत त्याचे चार मित्र आहेत. काय करशील? नियम लागण्याआधी त्याला माहीत असायची गरज नाही, तो आपण शिकवू, की नोट परत द्यायची नाही, शिक्का मारून जप्त करायची, पावती द्यायची, एकाच व्यवहारात चारपर्यंत असतील तर महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांकडे जातं आणि पाच किंवा जास्त असतील तर लगेच एफआयआर. मला बघायचंय ते वेगळंच, व्यापाऱ्याला दुखावणार नाही पण नोटही देणार नाही असं बोलता येतं का. जो म्हणेल 'ओळखीचा आहे तर देऊन टाकीन' त्याला कितीही मार्क असू द्या.


सातपुडा_ताई (शहादा)

अप्पा भारी! यात एक घाला, अंगठ्यावर पैसे काढायला आलेल्या आजीबाई, सोबत नातू, नातूच बोलतोय, आजी गप्प. पैसे कोणाच्या हातात देणार?


अभ्यासिका_देवपूर (धुळे)

पेपर मस्त आहे पण माझं म्हणणं राहिलंच. उमेदवाराला तुम्ही तपासणार, तुम्हाला तो कधी तपासणार? ज्याची निवड करायचीय त्याला आधी एक पूर्ण दिवस काउंटरच्या मागे खुर्ची टाकून बसवा, बाजाराच्या दिवशी, सोमवारी आल्यास उत्तम. सकाळी कॅश उघडण्यापासून संध्याकाळी टॅलीपर्यंत. हात लावायचा नाही, फक्त बघायचं. शॉर्ट आली तर काय होतं, जेवण कधी होतं, सुट्टी कशी मिळते सगळं खरं सांगा. ज्याला नाही जमणार तो तिथूनच घरी जाईल, कापसाच्या सीझनला मेसेज टाकणार नाही. आणि त्या दिवसाचे पैसे द्या, फुकट बसवू नका.


चाळीसगावची_पुण्यात

धुळेकर दादा, तू एचआरला ये. काम जसं आहे तसं आधी दाखवलं की सोडून जाणारे थोडे कमी होतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. थोडे, खूप नाही. चमत्कार नाही होणार.


काळी_माती (जळगाव)

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल साहेबांसमोर मांडलं. एजन्सी बाद. लेखी परीक्षा ठेवतोय पण फक्त पास-नापास, तिच्या मार्कांवर नंबर लागणार नाही, नंबर अप्पांच्या पेपरवर आणि ठरलेल्या सहा प्रश्नांवर. बाँड नाही. एक दिवस काउंटरमागे, त्याचा भत्ता मंजूर. जुने सोडून गेलेले आहेत त्यांना मी स्वतः फोन करून कारण विचारणार आहे, कारण राजीनाम्यात सगळ्यांनी 'वैयक्तिक कारण' लिहिलंय. आणि प्रत्येकाचे चाचणीचे मार्क पाकिटात बंद ठेवून वर्षाने कोण उरलं त्याच्याशी लावून बघणार.

संचालकांच्या शिफारशीच्या चिठ्ठ्या बंद करायचं मात्र जमलं नाही. एक संचालक म्हणाले, चाचणी घ्या पण आमचा एक उमेदवार आहे त्याचं बघा. मी म्हटलं त्यालाही पेपर देऊ. गप्प बसले. बघू.

शॉर्टचं बोर्डापुढे ठेवलंय, पहिले सहा महिने नवीन माणसाकडून वसुली नको, ठराविक रकमेपर्यंत संस्थेने सोसावी. यावर दोन तट पडलेत, एक गट म्हणतो असं केलं तर रोज शॉर्ट येईल.

अप्पा, एक विचारायचं होतं. तुमच्या पेपरला जोडून नोटा मोजायचीही चाचणी घ्यावी म्हणतो, पण बाहेरच्या माणसाच्या हातात खरी कॅश कशी द्यायची? ऑडिटर आणि मॅनेजर दोघंही माझ्या मागे लागतील.


रिटायर_हेडकॅशियर (अमळनेर)

कॅश केबिनमध्ये बाहेरचा माणूस नकोच. वरच्या हॉलमध्ये घ्या. दहाच्या नोटांचं एक पॅकेट, शंभर नोटा, म्हणजे हजार रुपये, ते मॅनेजरच्या नावाने रीतसर व्हाउचर करून काढा, त्यातून दोन नोटा काढून घ्या आणि दोन फाटक्या घाला. फाटक्या म्हणजे एक चिकटपट्टी लावलेली, एक कोपरा गेलेली. उमेदवाराला म्हणायचं, मोज आणि लिहून दे. संध्याकाळी पॅकेट पूर्ण करून परत कॅशला जमा. ऑडिटरला काय आक्षेप असणार?

आणि पाण्याचा स्पंज ठेवा टेबलावर. जो बोटाला थुंकी लावतो त्याला तिथेच सांगा, मार्क नका कापू, आमची सगळ्यांची सवय तीच होती.

त्या वसुलीचं मात्र मला पटत नाही, खिशाला झळ बसल्याशिवाय हात सावध होत नाही. यावर धुळेकर पोरगं भांडेल आता माझ्याशी.


अभ्यासिका_देवपूर (धुळे)

भांडतो ना अप्पा, आधी टॅली लावून येतो. आज १८० चा फरक आहे, नऊने भाग जातोय.